धागा : उमेदवाराची वही तपासली, गुत्तेदाराची कोण तपासणार?

खर्चवही (धागालेखक)

उदगीरकडं माझं कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. दुकानदारांचं जीएसटी, डॉक्टर लोकांचं रिटर्न, असली कामं. २०२४ च्या विधानसभेला ओळखीतल्या एका अपक्षानं (नाव विचारू नका, पडले ते) मला खर्चाचा प्रतिनिधी केलं. म्हणजे वही लिहायची.

ही वही ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन रंगांची पानं असतात. पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. अर्ज भरायच्या आधी उमेदवारानं वेगळं खातं काढायचं आणि सगळा पैसा त्यातूनच फिरवायचा. एका माणसाला अख्ख्या निवडणुकीत १० हजारांच्या वर रोख द्यायची नाही. प्रचार चालू असताना तीनदा वही काखेत मारून खर्च निरीक्षकांपुढं हजर व्हायचं. मर्यादा विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख, २०२२ पासून.

पहिल्याच तपासणीला कळलं की साहेबांकडं त्यांची स्वतःची वही असते. छाया नोंदवही म्हणतात. आमच्या एका सभेचा व्हिडिओ त्यांच्या पथकानं काढलेला. मी लिहिलेल्या खुर्च्या २००, त्यांच्याकडं ३००. मी म्हटलं, साहेब, १०० खुर्च्या देवस्थानच्या आहेत, बारा महिने तिथंच असतात, भाडं नाही. ते म्हणाले, माणसं बसली का त्यावर? मग दरपत्रकाप्रमाणं लावा. लावल्या. चहा, पोहे, फेटा, हार, नारळ, हलगी, सगळ्याला दर ठरलेला.

हलगीवाले चौघं होते. चौघांत मिळून एक बँक खातं, तेही बंद पडलेलं. रोख दिले, व्हाउचरवर अंगठे घेतले. दुसऱ्या तपासणीला विचारलं, अंगठ्याला साक्षीदार कोण? परत गावात गेलो, सह्या आणल्या. शेवटी सगळा खर्च ११ लाख ४० हजारांत बसला. निकालापासून ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो, मी २६व्या दिवशी दिला आणि पोच घेतली.

आता माझी अडचण. मी खुर्च्या मोजत होतो त्याच मतदारसंघात कत्तलीच्या रात्री, म्हणजे मतदानाच्या आदल्या रात्री, काय झालं ते शेंबड्या पोराला माहीत आहे. मी डोळ्यानं पाहिलेलं नाही, पण माझ्या आईनं मला विचारलं, “तुमच्याकडून काही यायचंय का?” म्हणजे दुसरीकडून येऊन गेलं होतं. ते कुणाच्या पांढऱ्या पानावर आलं? कुठल्याच नाही. मग ही मर्यादा नेमकी कुणाला बांधते? वाढवावी, काढून टाकावी की काय करावं? ज्यांनी ही कामं जवळून पाहिलीत त्यांनी लिहावं. पक्षाचं नाव घेऊन भांडू नका, धागा बंद पडतो.

पांढरी ज्वारी

आईचा प्रश्न लई भारी. लिहीत राहा.

मंडपवाला

आमचा धंदा मंडप, खुर्च्या, साऊंडचा. तीन विधानसभा बघितल्या. पावती पुस्तकं दोन असतात. एक आयोगाचं, एक घरचं. आयोगाच्या पुस्तकात ज्याचे २०० रुपये, घरच्या पुस्तकात त्याचेच ५००. वरचे ३०० कोण देतो? उमेदवार नाही देत. गावातला एखादा गुत्तेदार (सरकारी कामाचा कंत्राटदार) देतो, नाहीतर पंपवाला, नाहीतर कुणी ‘भाऊंचा माणूस’. आम्हाला काय, पैसे आल्याशी मतलब. आणि बऱ्याचदा येत बी नाहीत, ती कथा वेगळी.

एक गंमत सांगतो. मोठा नेता येणार होता. स्टेजच्या मागं बॅनर लावायचा. त्यावर फोटो कुणाचा ह्यावर दोन तास बैठक चालली. मी खाली पाईप धरून उभा. शेवटी उमेदवाराचा फोटो काढला आणि त्याला स्टेजवरून उतरवून पहिल्या रांगेत बसवला. बायको म्हणली, ज्याला निवडून द्यायचं तोच खाली कसा? मला बी तवा कळलं नव्हतं.

कायदेबहाद्दर

मंडपवाले दादा, ते गणित सांगतो. स्टार प्रचारकाचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. हेलिकॉप्टर आलं तरी वहीत शून्य. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० प्रचारक नेमता येतात. पण तोच नेता उमेदवारासोबत एका स्टेजवर उभा राहिला किंवा त्याच्या फोटोच्या बॅनरखाली बोलला, तर सभेच्या खर्चातला वाटा उमेदवाराच्या अंगावर येतो. म्हणून तुमचा उमेदवार खाली बसला.

धागालेखकाच्या प्रश्नाचं मूळ ५० वर्षं जुनं आहे. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात म्हटलं की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराचाच धरा, नाहीतर मर्यादेला अर्थ नाही. सरकारनं काय करावं? लगेच लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडलं की पक्षानं किंवा इतर कुणी केलेला खर्च उमेदवाराचा धरायचा नाही. निकाल धुऊन निघाला. २००३ मध्ये ते स्पष्टीकरण बरंचसं काढलं, स्टार प्रचारकांच्या प्रवासाची सूट तेवढी ठेवली. पण पक्षाच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारावर मर्यादा आजही नाही. शून्य मर्यादा नव्हे, मर्यादाच नाही. उमेदवाराला कासरा बांधला आणि पक्षाला मोकाट सोडला.

खवट

कायदे पाठ आहेत तुमचे, मान्य. एक आमदार सांगा ज्याची आमदारकी खर्चापायी गेली.

कायदेबहाद्दर

गेली आहे. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव. छापून आणलेल्या बातमीचा खर्च हिशोबात दाखवला नाही म्हणून आयोगानं २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं.

आपल्याकडचं भोकर आठवतं का? २००९ ची विधानसभा. अशोक चव्हाण मुख्यमंत्री. वर्तमानपत्रांत पानंच्या पानं कौतुक आलं आणि हिशोबात वर्तमानपत्री जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये. माधवराव किन्हाळकरांनी आयोगाकडं तक्रार केली. चव्हाणांची बाजू अशी की बातम्या बातम्याच होत्या, त्यांनी पैसे दिलेले नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २०१४ मध्ये न्यायालयानं ठरवलं की हिशोब नुसता वेळेत आला का एवढंच नाही, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो. मोठा निकाल. जुलैत आयोगानं कारणे दाखवा नोटीस काढली, सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली. म्हणजे आमदारकी गेली नाही, पण आज निरीक्षक धागालेखकाच्या खुर्च्या मोजतो त्यामागं भोकरचा तो निकालही आहे.

खवट

५ वर्षांची मुदत संपत आली तेव्हा नोटीस. झालं की मग.

अव्वल कारकून (निवृत्त)

मी महसुलात होतो. दोन निवडणुका स्थिर सर्वेक्षण पथकात काढल्या, देगलूरच्या पुढं तेलंगणाच्या सीमेजवळ. रात्रीची ड्युटी. एक टेबल, दोन पोलीस, एक कॅमेरावाला पोरगा, थर्मास. ५० हजारांच्या वर रोकड सापडली की कागद मागायचा. १० लाखांच्या वर गेली की आयकरवाल्यांना फोन.

सापडायचं कोण? एकदा सोयाबीनचा व्यापारी सापडला. पिशवीत ३ लाख, सोबत आडत पट्ट्यांचा गठ्ठा. शेतकऱ्यांना चुकते करायला निघालेला. पट्ट्यांची बेरीज रकमेशी जुळेना, जप्ती करावी लागली. दुसऱ्या दिवशी समितीनं कागद बघून पैसे परत दिले, पण तो माणूस माझ्याकडं ज्या नजरेनं बघून गेला ती विसरलो नाही. त्या हंगामात सोयाबीनला हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात त्याच्या बराच खाली चाललं होतं. शेतकरी आधीच कावलेला, त्यात त्याची पट्टी आम्ही अडवलेली.

निवडणुकीचा पैसा आमच्या नाक्यावरून मला तरी जाताना दिसला नाही. त्याचं कारण मला उशिरा कळलं. तो रोकड म्हणून येतच नाही. पंपावर चिठ्ठी चालते, ढाब्यावर कुपन चालतं, किराणा दुकानात ‘लिहून ठेव’ चालतं. महिनाभर सगळं उधारीवर. निकालानंतर सावकाश कुणीतरी येऊन मिटवतं, तेव्हा आचारसंहिता उठलेली असते, पथक घरी गेलेलं असतं. उरली कत्तलीच्या रात्रीची रोकड, ती आचारसंहिता लागायच्या आधीच गावात येऊन बसलेली असते. माणसाच्या पिशवीत हात घालायला आम्हाला लाज वाटायची, आणि दुकानदाराच्या उधारीच्या वहीत हात घालायचा अधिकारच नव्हता.

मंडपवाला

कारकून काका एकदम बरोबर. माझी बी उधारीच आहे.

पुण्यातला लातूरकर

माफ करा, पण सगळेच चोर असा सूर लागलाय. खर्च लागतोच. ३०० गावांत फिरायचं तर ४० लाखांत काय होतं? डिझेल, गाड्या, पोरांचं जेवण. मर्यादा खरी ठेवा, म्हणजे माणूस खरं सांगेल. गोपीनाथ मुंडेंनी जून २०१३ मध्ये मुंबईत एका कार्यक्रमात उघड सांगितलं होतं की २००९ च्या लोकसभेला ८ कोटी लागले. तेव्हा मर्यादा २५ लाख होती आणि त्यांनी दाखवलेला खर्च १९ लाखांच्या घरात. खरं बोलला माणूस, तर आयोगाची नोटीस. बाकीचे गप्प बसले ते शहाणे ठरले.

पक्षांना देणगी द्यायच्या निवडणूक रोख्यांचं, बाँडचंही तेच. निदान बँकेतून, पांढरा पैसा तरी यायचा. तेही बंद केलं.

सरपंचबाई

८ कोटींचं खरं बोलले म्हणून कौतुक ठीक आहे भाऊ, पण बीडमध्ये २५ लाख मर्यादेत लढायची कुवत असलेली बाई ते वाक्य ऐकून काय समजली असेल? की तिनं उभंच राहू नये.

कायदेबहाद्दर

बाँड पांढरा होता, पण बुरखा घातलेला. जानेवारी २०१८ मध्ये योजना आली. स्टेट बँकेतून १ हजारापासून १ कोटीपर्यंतचा बाँड घ्यायचा, १५ दिवसांत पक्षानं वटवायचा. कुणी कुणाला दिला ते मतदाराला कळायचं नाही. त्याआधी कंपनीला नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची, २०१७ मध्ये ती अटही काढली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा देऊ शकत होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं हे रद्द केलं. मतदाराला माहितीचा हक्क आहे, असं कारण दिलं.

मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. एप्रिल २०१९ पासूनचं बघितलं तर भाजपला ६ हजार कोटींहून जास्त, तृणमूलला १,६०० कोटींच्या वर, काँग्रेसला १,४०० कोटींच्या वर, आणि तेलंगणातल्या बीआरएसला (भारत राष्ट्र समिती) १,२०० कोटींच्या वर. देणाऱ्यांत पहिली लॉटरीची कंपनी, दुसरी रस्ते-धरणं बांधणारी.

गोदाकाठ

बीआरएस म्हटल्यावर नांदेडकरांना हसू येणार. ५ फेब्रुवारी २०२३ ला त्यांची तेलंगणाबाहेरची पहिली सभा आमच्याकडं झाली. शहर गुलाबी करून टाकलं होतं. मग लोहा, मग संभाजीनगर. आमच्या गल्लीतल्या दोघांना गाड्या मिळाल्या, एकाला तालुक्याचं पद. वर्षअखेरीस तिकडं सत्ता गेली आणि इकडचं दुकान आठ दिवसांत बंद. बाँडचा पैसा इथं आला असं मी म्हणत नाही, ते कुणी सिद्ध केलेलं नाही. पण पक्षाच्या खर्चाला मर्यादा नसली म्हणजे काय होतं, ते आम्ही दारात बसून बघितलंय.

अवांतर: गुलाबी उपरणी अजून बागायतीत बुजगावण्याला वापरतात.

अंबाजोगाई ते न्यू जर्सी

वाचनमात्र होतो, राहवलं नाही. इकडं केंद्र सरकारचं कंत्राट ज्याच्याकडं आहे त्याला केंद्रीय निवडणुकीत देणगी देता येत नाही, १९४० पासूनचा नियम आहे. उमेदवाराला कुणी किती दिले ते नाव-गाव-नोकरीसकट बघता येतं. पण हुरळून जाऊ नका. २०१० मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं स्वतंत्र प्रचारावर कंपन्यांना हवा तेवढा पैसा खर्च करायला मुभा दिली, तेव्हापासून मागच्या दारानं पूर आलाय. भारतात सरकारी कंपनीला देणगी द्यायला बंदी आहे, पण सरकारचं काम घेणाऱ्या खाजगी कंपनीला नाही. बरोबर ना, कायदेबहाद्दर?

कायदेबहाद्दर

बरोबर.

दिलखुलास

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

खर्चवही

दिलखुलास, नाव घेऊन आरोप होता म्हणून संपादकांनी काढला, मी सांगितलं नव्हतं.

सरपंचबाई

न्यू जर्सीवाल्या दादांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं. मी परभणीकडच्या एका गावात सरपंच होते. तुम्ही सगळे निवडणुकीच्या महिन्याचं बोलायलात. तो महिना सगळ्यात स्वस्त आहे.

कायद्यानं खर्च कधीपासून मोजतात? अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत. त्याच्या आधीची चार वर्षं अकरा महिने मोकळी. सप्ताह बसला की काल्याचं जेवण कुणाचं? भाऊंचं. गणपतीची वर्गणी, पोरांच्या क्रिकेटचा चषक, गरिबाच्या लेकीच्या लग्नात भांडी, दवाखान्यात नेलं तर गाडी. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या साली आमच्याकडं टँकरवर फोटो लावून पाणी वाटलं. पाणी प्यालो की आम्ही, खोटं कशाला बोलू. माझ्या सासूला अजून तो फोटो लक्षात आहे, मत देताना तिनं तोच आठवला.

हा पैसा नेत्याच्या खिशातला नसतो. गुत्तेदाराचा असतो. मी हे बघितलंय, कारण तो माझ्याकडं बी आला होता. माझी सरपंचाची निवडणूक. म्हणाला, ताई, तुमचा सगळा खर्च मी बघतो, तुम्ही फक्त घरोघर फिरा. मी घरात विचारलं. मालक म्हणाले, घे की, आपल्याकडं कुठं आहेत? मी घेतले नाहीत, पण फार मोठी साध्वी म्हणून नाही. माझ्या भावानं म्हैस विकून ४० हजार आणून दिले म्हणून जमलं. म्हैस नसती तर घेतले असते.

निवडून आल्यावर तोच गुत्तेदार सिमेंट रस्त्याच्या कामाला आला. ग्रामसभेत मी विचारलं, जाडी किती? सगळे माझ्याकडं बघायले. नंतर एक सदस्य बाजूला घेऊन म्हणाला, ताई, तुमचे नसतील, पण आमचे सगळ्यांचे त्यानंच केलेत. सात सदस्य. काय मोजता जाडी? रस्ता दुसऱ्या पावसाळ्यात उखडला. त्यांच्या निवडणुकीचा खर्च त्या रस्त्यात गेला, आमच्या पायाखाली.

म्हणून मी म्हणते, ४० लाखाचे ६० करा नाहीतर २० करा, मला फरक नाही. ज्याच्या नावावर सरकारी काम आहे त्यानं गेल्या पाच वर्षांत कुणाला, कशाला, किती दिले ते त्याच्याकडून लिहून घ्या. टेंडर भरतानाच. खोटं निघालं तर काळ्या यादीत. उमेदवाराला खुर्च्या मोजायला लावण्यापेक्षा हे सोपं आहे.

पांढरी ज्वारी

ताई, उभ्यानं नमस्कार.

खवट

गुत्तेदार भाच्याच्या नावावर देणार, भाचा मेव्हण्याच्या. तुमच्या टेंडरच्या फॉर्मवर ‘निरंक’ लिहून मोकळा.

सरपंचबाई

लिहू द्या. आत्ता तो प्रश्नच कुणी विचारत नाही. ‘निरंक’ लिहिलेला कागद तरी असेल माझ्या हातात, माहिती अधिकारात काढायला.

अव्वल कारकून (निवृत्त)

ताईंच्या सूचनेला माझं अनुमोदन, पण अंमलबजावणी त्याच खात्याकडं जाणार ज्याच्या साहेबाची बदली आमदाराच्या पत्रावर होते. हे लक्षात ठेवून वेगळी यंत्रणा मागा.

शिक्षेचंही बघा. निवडणूक खर्चाचा हिशोब ठेवला नाही तर जुन्या दंडसंहितेत दंड होता ५०० रुपये. नव्या न्याय संहितेत ५ हजार केलाय. हेल्मेट नसलं तरी माणूस जास्त घाबरतो. हिशोबच दाखल केला नाही तर तीन वर्षांची अपात्रता आहे, ती मात्र खरी लागते. लागते कुणाला? बहुतेक पडलेल्या अपक्षाला. डिपॉझिट गेलं, त्यातच वही द्यायची विसरला.

पुण्यातला लातूरकर

सरपंचबाईंचं वाचून माझं आधीचं मत थोडं मागं घेतो. मर्यादा वाढवा एवढं म्हणून भागणार नाही. पण मग गरीब उमेदवारानं पैसा आणायचा कुठून, हे कुणीच सांगितलं नाही. म्हैस सगळ्यांकडं नसते. १९९८ ला इंद्रजित गुप्ता समितीनं सरकारनंच खर्चाचा काही भाग उचलावा, तोही रोख न देता वस्तूंच्या रूपात, असं सुचवलं होतं. कागद, डिझेल, लाऊडस्पीकर वगैरे. तेही मान्यताप्राप्त पक्षांनाच, अपक्षाला नाही. ते तसंच पडून राहिलं.

गोदाकाठ

आमच्या आजोबांनी कंधारकडं लाल बावट्याला दोन पायल्या ज्वारी दिली होती वर्गणी म्हणून. मत बी दिलं आणि पुढं पाच वर्षं त्या आमदाराला रस्त्यात अडवून जाब बी विचारायचे. ‘माझी ज्वारी खाल्लीस’ म्हणायचे. आज गावकरीच घेणारे झालेत, जाब कोणत्या तोंडानं विचारणार?

उमराण्याचं आठवा. नाशिक जिल्ह्यातलं. सरपंचपदाची बोली २ कोटींच्या वर गेली, देवळाच्या बांधकामासाठी म्हणून. तसंच नंदुरबारकडं खोंडामळीला. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. उघड बोलले म्हणून सापडले.

खवट

देवळासाठी होती म्हणून निदान देऊळ तरी झालं असतं.

मंडपवाला

अवांतर नाही, मुद्द्याचंच हाय. २०२४ चं माझं घरच्या पुस्तकातलं बिल १ लाख ८५ हजार. आयोगाच्या पुस्तकातलं सगळं मिळालं, चेकनं, वेळेवर. वरचं ज्यानं कबूल केलं होतं तो म्हणतो, भाऊ पडले, माझं बी काम अडकलंय, जिल्हा परिषदेला बघू. कोर्टात जाऊ का? कायदेबहाद्दर, सांगा.

कायदेबहाद्दर

कोर्टात काय दाखवणार दादा? दुसरं पावती पुस्तक?

मंडपवाला

तेच म्हणायलो.

खर्चवही

सगळ्यांचे आभार, कामाच्या गडबडीत उशीर झाला. सरपंचबाईंची सूचना अर्ज करून जिल्ह्याला आणि आयोगाला पाठवायचा विचार आहे. मसुदा इथं टाकतो, कायदेबहाद्दर आणि कारकून काकांनी बघून द्यावा.

काल बाजारात तो हलगीवाला भेटला. जिल्हा परिषदेचं वारं सुटलंय, त्याला दोघांकडून सुपारी आली आहे. मी म्हटलं, बरं झालं, आता खातं चालू करून घे, पैसे खात्यावर घेत जा, माझ्या अंगठ्याच्या साक्षीची कटकट वाचेल. तो म्हणाला, खातं कवाच चालू केलंय साहेब. पण नंबर कुणाला देत नाही. बचत गटाच्या कर्जाचा हप्ता थकलाय, खात्यावर पडले की बँक आधी ते कापून घेते, हातात काहीच येत नाही. मला रोखच द्या म्हणावं.